सोलापूर, १९४६ : मार्शल लॉ उठलाच नाही, अशी कादंबरी कशी लिहावी?

सोलापूरचा तेवीस वर्षांचा एक मुलगा चौदा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी कादंबरी लिहितोय. १९३० साली शहरात लागलेला मार्शल लॉ कधी उठलाच नाही, असं त्यानं धरलंय. गोष्ट १९४६ ची. शहराभोवती तारेचं कुंपण आहे आणि आत सोळा वर्षांची आर्या आहे. चाळीस पानांवर गाडी अडली. तो विचारतो, "ताई, वाचताना सगळं उसनं वाटतं. सोलापूर नुसतं नावाला आहे. सरकार इतकं दुष्ट का, हे माझं मलाच पटत नाही. आणि शेवट तर सुचतच नाही. काय करू?"

पानं दोनदा वाचली. गेली सव्वीस वर्षं मी कुमारवयीन मुलांच्या पुस्तकांचं संपादन करते आणि माझं घर याच शहरात आहे, त्यामुळे जरा लांब लिहिते.

कल्पना चांगली आहे, ती सोडू नकोस. उसनेपणा कुठून आलाय ते मात्र तिसऱ्या पानावरच दिसतं. काळ्या गणवेशातले पहारेकरी, मनोऱ्यावरचे फिरते दिवे, मुलांच्या दंडावर गोंदलेले आकडे. हे सगळं तू पडद्यावर पाहिलंयस, आणि तुझ्या वाचकानंही पाहिलंय. पाचव्या पानावर तू लिहितोस, 'भोंगे कडाडले आणि आदेश घुमले.' सोलापुरात भोंगा म्हटल्यावर जुन्या माणसाला काय आठवतं ते घरात कुणाला तरी विचार. गिरणीचा भोंगा आठवतो. त्यावर घरं उठायची, चुली पेटायच्या, पाळ्या बदलायच्या. शहराला वेळेवर हलवणारं यंत्र तुझ्याकडे आयतं आहे. तू ते काढून तिथे परका ध्वनिक्षेपक बसवलास.

खरं काय घडलं ते थोडक्यात मांडते, कारण तुझ्या पानांत त्यातलं फार थोडं आलंय. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि शहर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण गेला. चिडलेल्या जमावानं पोलीस चौकी जाळली, कोर्ट जाळलं, पोलीस मारले गेले. पुढचे तीन-चार दिवस सोलापुरात इंग्रजांचा अंमल राहिला नव्हता. रस्त्यावरची व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक बघत होते. मग फौज आली. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो ३० जूनला उठला. त्या सात आठवड्यांत रस्त्यात गांधी टोप्या उतरवल्या गेल्या, तिरंगा हातात धरला म्हणून सक्तमजुरी झाली. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. संक्रांत दोन दिवसांवर होती, सिद्धेश्वराच्या यात्रेचे, म्हणजे गड्ड्याचे, दिवस होते. या चौघांच्या पुतळ्यांपाशी आपण रोज सिग्नलला थांबतो, पण ही तारीख आणि गड्डा यांची सांगड माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला घालता आली नव्हती.

पर्यायी इतिहास लिहिताना एकच काडी बदलायची आणि बाकीचं सगळं तिच्यामागून आपोआप यायला हवं. तू तीन बदललेस. मार्शल लॉ उठला नाही, महायुद्ध जपाननं जिंकलं, आणि गिरण्यांत यंत्रमानव आले. शेवटचे दोन काढून टाक. ३० जूनला मार्शल लॉ उठला नाही, एवढा एकच बदल ठेव. तारेबाहेरचा देश आपल्या इतिहासाप्रमाणेच चालू दे. बाहेर १९४२ होऊ दे, साताऱ्याकडे प्रतिसरकार होऊ दे, फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांचं बंड होऊ दे. वाचकाला ते ठाऊक असेल आणि नायिकेला नसेल. तिला काय ठाऊक नाही हे वाचकाला कळतं, तिथे त्याचा जीव टांगणीला लागतो.

आता 'सरकार दुष्ट का' हा प्रश्न. तो पडलाय म्हणजे तुझी लेखकाची नजर शाबूत आहे. दुष्टपणा हे कारण कादंबरीत चार पानंसुद्धा टिकत नाही. सोळा वर्षं एका शहरावर पहारा ठेवायचा तर खर्च येतो. तो कोण देतो? इंग्रजांच्या काळात एखादं गाव अशांत ठरलं की तिथे जादा पोलीस बसवत आणि त्यांचा खर्च त्याच गावच्या रहिवाशांकडून वसूल करत. ही खरी पद्धत होती, कायद्यात बसवलेली. तुझ्या सोलापुरात तेच चालू ठेव. घरटी पहारापट्टी. तारेचे पैसे, तार ताणणाऱ्याचा पगार, हजेरी घेणाऱ्या कारकुनाची शाई, सगळं शहराच्याच खिशातून. पट्टी भरायची तर गिरणीत जायला हवं, गिरणीत जायचं तर पास हवा, पास हवा तर पट्टी भरलेली हवी. या फेऱ्यात एकदा माणूस अडकला की बंदूक फारशी दाखवावी लागत नाही. फायदा कुणाचा, हेही ठरव. संप होत नाही म्हणून गिरणीमालकाचा, युद्धकाळात कापड हमखास मिळतं म्हणून लष्कराचा, धान्याचा ठेका मिळाला म्हणून पेठेतल्या दोन व्यापाऱ्यांचा. पट्टी गोळा करणारा माणूस आपल्यातलाच असू दे, आर्याच्या चाळीतला, तिला लहानपणी खांद्यावर बसवून गड्डा दाखवणारा.

यापुढचं मी सगळ्यात काळजीपूर्वक लिहितेय. तुझ्या चाळीस पानांत शहराभोवती तार आहे, पण १९३० च्या सोलापुरात तारेचं कुंपण आधीपासून होतं, त्याचा उल्लेख कुठेच नाही. सेटलमेंट. गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची वसाहत. कैकाडी, पारधी, टकारी आणि आणखी कितीतरी जमातींची कुटुंबं तारेच्या आत राहत होती. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. त्यांच्यातले अनेकजण इथल्याच गिरण्यांत राबत होते. तू जो काळोख कल्पनेतून उभा करायला बघतोयस, तो या शहरातल्या हजारो मुलांनी शाळेत जायच्या वयात रोज जगलाय. आजही रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटलं की तो बरोबर नेतो. नाव तेवढं उरलं, तार आठवत नाही.

हे आलं नाही तर तुझी कादंबरी खोटी पडेल. 'एका शहराभोवती तार लागली' ही कल्पना आपल्याला हादरवते, कारण ती आपल्या पेठांभोवती लागते. जिथे ती आधीच होती तिथे कुणी हादरलं नव्हतं. तुझ्या गोष्टीत मार्शल लॉच्या सरकारला नवं काही शोधून काढावं लागणारच नाही. सेटलमेंटची हजेरीवही, सेटलमेंटचा पास, सेटलमेंटचं फाटक, सगळं तयार आहे. ते फक्त ओढून शहरभर पसरलं जाईल. १९३० च्या जुलैत मंगळवार पेठेतल्या कुणा सभ्य गृहस्थाला पहिल्यांदा हजेरीला उभं केलं, तेव्हा तो काय म्हणाला असेल? "आम्ही काय सेटलमेंटातले आहोत का?" हे वाक्य कादंबरीत कुणाच्या तरी तोंडी यायलाच हवं, आणि ते सेटलमेंटातल्या एका मुलीनं ऐकायला हवं.

ती मुलगी तुझी दुसरी नायिका. तिला पुस्तकभर मदतनीस करून ठेवू नकोस, वाट दाखवून शंभराव्या पानावर मरणारी तर मुळीच करू नकोस. तिला जे येतं ते पेठेतल्या मुलीला येत नाही. पहारा कधी पेंगतो, कारकून कुठल्या महिन्यात बदलतो, पासावरची तारीख कशी वाचायची, भीती चेहऱ्यावर न दाखवता उभं कसं राहायचं. तिच्या घरात हे पिढीजात आलंय. आणि तिचा राग दुहेरी आहे, गोऱ्या साहेबावर आणि पेठेवर. दोघींची मैत्री चटकन जुळू देऊ नकोस. जुळलीच तरी मध्ये काहीतरी अवघडलेलं राहू दे.

आता घर. किशोरांच्या कादंबऱ्यांत आईबाप पहिल्या प्रकरणातच मरतात किंवा गायब होतात, म्हणजे मुलं मोकळी. तूही आर्याला अनाथ केलंयस. काही वर्षांपूर्वी अशाच एका हस्तलिखितावर मी काम करत होते, अशाच एका काल्पनिक दडपशाहीचं. प्रकाशकाला घाई होती, आम्ही आईबापांची पानं कापली. छापण्याआधी नववी-दहावीच्या मुलांपुढे वाचन ठेवलं होतं. मारहाणीच्या प्रसंगांना मुलं शांत बसली. मग मागून एका मुलीनं विचारलं, "पण हिच्या आईबाबांनी सही केलीच कशी?" मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तराची पानं आम्हीच काढून टाकली होती. पुस्तक तसंच निघालं. ती सल अजून आहे, म्हणून तुला सांगतेय, आईबाप जिवंत ठेव. सोळाव्या वर्षी माणूस सरकारशी भांडायच्या आधी आईशी भांडतो. आई सही करते, पट्टी भरते, गप्प बसायला सांगते, आणि तिचं प्रेम त्या गप्प बसवण्यातच असतं.

शिवाय सोलापुरात मुलगी एकटी राहते हे कुणाला पटणार? विणकराचं घर म्हणजे एक खोली. खोलीत माग, मागाच्या बाजूला चूल, वर वळणीवर सुताच्या लडी, आणि सात-आठ माणसं. अशा घरात गुपित ठेवायचं कुठे, हाच तुझ्या कथानकाचा पेच. उत्तरही त्याच घरात आहे. हातमाग खड्ड्याचा असतो. विणकर जमिनीलगत बसतो, पाय खाली खड्ड्यात, पावड्या तिथे. वरून ताणा ताणलेला. झडती घ्यायला आलेला शिपाई पेट्या उचकतो, कणगी उपसतो, पण चालू मागाच्या खाली हात घालायला त्याला वाकावं लागतं, आणि ताणा तुटला तर कापड जातं, गिऱ्हाईक ओरडतं, तक्रार होते. त्या खड्ड्यात, बापाच्या पायांपाशी, एक वर्तमानपत्राचा तुकडा राहू शकतो. एक मूल राहू शकतं. धोटा इकडून तिकडे जात राहतो, फणीचा ठोका पडत राहतो, आणि खाली कुणीतरी श्वास धरून बसलंय. हा प्रसंग तू लिहिलास तर वाचक सोलापूर विसरणार नाही. फक्त आधी एखाद्या चालू हातमागाजवळ जाऊन बस. खळीचा वास येतो, आंबूस, भाताच्या पेजेसारखा. तो कपड्यांना, केसांना लागतो. पहाऱ्यावरचा शिपाई वासावरून विणकराची मुलगी ओळखू शकेल, हे तिथे बसल्याशिवाय सुचणार नाही.

एक दुरुस्ती. तू घरात जेकार्डच्या चादरींचा ढीग ठेवलायस. आपण आज ज्या चादरीवरून सोलापूर ओळखतो तिचा जमाना नंतरचा. तुझ्या काळातल्या मागावर लुगडं चढव. नायिका कांड्या भरते, तिची अव्वा, म्हणजे आजी, रहाट फिरवते, बाप विणतो. कुणाच्या हाताला काय काम आहे हे कळलं की घर उभं राहतं.

नावही बदल. १९३१ साली पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरात 'आर्या' जन्मली नसती. नरसम्मा, राजम्मा, लक्ष्मी यातलं काही ठेव. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, शेजारच्या लिंगायत काकूंशी मोडकं कन्नड, कासमचाचांच्या दुकानात दख्खनी. मुलं एकमेकांना 'काय करायलास बे' म्हणणारच, तो 'बे' प्रमाण मराठीच्या धाकानं खोडू नकोस. आणि हजेरीचा कारकून बाहेरगावचा, त्याला तेलुगू नाव ऐकू येत नाही. त्यानं नरसम्माचं 'नर्मदा' लिहिलं. वहीत जे आहे तेच खरं, म्हणून शाळेत, पासावर, रेशनच्या कार्डावर ती नर्मदा. घरात फक्त अव्वा तिला खऱ्या नावानं हाक मारते. अव्वा गेल्यावर ते नाव कोण उच्चारणार, एवढ्या एका धाग्यावर तुला दोन प्रकरणं मिळतील.

जन्मवेळही सोड. 'ज्या रात्री मार्शल लॉ लागला त्याच रात्री ती जन्मली' हा योगायोग ठळक आहे आणि काही देत नाही. ती १९३१ मध्ये कुठल्यातरी साध्या मंगळवारी जन्मली, एवढं पुरे. महत्त्वाचं हे की तिनं तारेशिवायचं सोलापूर पाहिलेलंच नाही. तुझी सुरुवात अशी आहे : 'आर्या घृणेनं त्या काटेरी कुंपणाकडे पाहत होती. स्वातंत्र्य! तिच्या रक्तात तो शब्द उसळत होता.' उसळेल कसा? तिला तार तशीच दिसते जसा तुला विजेचा खांब दिसतो. तिच्यावर कपडे वाळत घालता येतात. त्या घृणेपर्यंत पोहोचायला तिला दोनशे पानं लागायला हवीत. मी सुरुवात साधारण अशी करून पाहिली, नमुना म्हणून घे, जशीच्या तशी वापरू नकोस :

'भोंगा झाला. अम्मानं माझी वेणी अर्धी सोडून मला दाराबाहेर ढकललं. हजेरी आधी, वेणी नंतर. चौकात लिंबाखाली कारकून बसला होता. "घर एकशे बारा," तो म्हणाला, "माणसं सात." आम्ही सहा होतो. ताता दिवाळीत वारला. पण वहीतून नाव काढायला अर्ज लागतो, अर्जाला आठ आणे पडतात, आणि नाव निघालं की त्याचं धान्यही निघतं. "सात," अम्मा म्हणाली. कारकुनानं मान वर केली नाही. सात टिंबं दिली आणि घर एकशे तेरा म्हणाला.'

यात तार नाही, शिपाई नाही, कुणी ओरडत नाही. पण वहीत एक माणूस जास्त आहे. मेलेला ताता, म्हणजे आजोबा, रोज सकाळी हजर असतो. हे किती दिवस चालेल? त्या रिकाम्या टिंबावर एक दिवस बाहेरून आलेला कुणी जिवंत माणूस उभा राहिला तर? कथानक इथून हलतं. मोठा उठाव, गुप्त सेना, निवडलेली एकमेव मुलगी, यातलं काही लागत नाही.

आता बाहेरचं जग. इथे सोलापूरसारखी जागा शोधून सापडायची नाही आणि तू ती वापरलीच नाहीस. मुंबई-मद्रास लोहमार्ग शहरातून जातो. सरकार शहर बंद करू शकतं, हा मार्ग बंद करू शकत नाही. म्हणजे गाड्या येणार, पाणी भरायला थांबणार, आणि हुकूम असणार की सोलापूर येताच खिडक्या लावा. रोज शेकडो माणसं डोळ्यांसमोरून जातात आणि दिसत नाहीत. रुळांकडेची पोरं काय करतील? गाडीतून पडलेलं वेचतील. संत्र्याची साल, विडीचं थोटूक, पुडीचा कागद. त्या पुडीवर अर्धा मथळा, 'मुंबईत नाविकांचे', पुढे फाटलेलं. नाविक म्हणजे काय हे समुद्र न पाहिलेल्या मुलांनी आपसात ठरवायचं. अशा तुकड्यांतून ती बाहेरचा देश जुळवतात आणि बराचसा चुकीचा जुळवतात. त्यांच्या चुका तू जपून वापर.

दुसरं म्हणजे सरहद्दी. तुळजापूर निजामाच्या राज्यात, अक्कलकोट वेगळं संस्थान, आणि सोलापूर मुंबई इलाख्यात. बाजारहाटाच्या अंतरात तीन राजवटी. निजामाच्या मुलखात नाणंसुद्धा वेगळं, हाली शिक्का. तेव्हा नरसम्माच्या बापाच्या कमरेच्या चंचीत एक हाली रुपया सापडू दे. एवढ्या एका नाण्यावरून तिला कळेल की बाप तारेबाहेर जाऊन आलाय. शिपायाला सापडला तर त्यालाही तेच कळेल. पाच ओळींचं स्पष्टीकरण वाचवणाऱ्या अशा वस्तू शोध, आणि एकदा दाखवलेली वस्तू पुन्हा कामाला लाव.

गड्ड्याबद्दल तू विचारलंयस, यात्रा ठेवू की सरकारनं बंद केली म्हणू. ठेव. यात्रा बंद केली तर गिरण्या बंद पडतील, हे सरकारला कळतं. म्हणून परवाने देऊन ती चालू ठेवली आहे. मिरवणुकीतल्या सातही नंदीध्वजांना, त्या उंच काठ्यांना, क्रमांक आहेत, पांढऱ्या बाराबंदीतल्या प्रत्येकाच्या खिशात पास आहे, संमती कट्ट्याभोवती शिपाई आहेत. यात्रेतल्या लग्नसोहळ्यात अक्षतेच्या वेळी संमतीचं वाचन होतं, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम', आणि अख्खं शहर एका जागी असतं. सकाळी चौका-चौकात तुकड्या-तुकड्यांनी मोजली जाणारी माणसं इथे एकत्र दिसतात. आपण किती आहोत हे नरसम्माला आयुष्यात पहिल्यांदा इथे दिसेल. त्या गर्दीत उठाव घडवू नकोस. अक्षता पडू देत, लोक घरी जाऊ देत. तिला मोजता आलं एवढं बस. आणि चौघांच्या फाशीचे दिवसही हेच, त्यामुळे थोरली माणसं दर गड्ड्याला एकदम गप्प का होतात, हे तिला तेव्हा उलगडेल.

चौघांविषयी. तू कुर्बान हुसेन यांना जिवंत ठेवून त्यांच्या तोंडी दीड पानाचं भाषण घातलंयस. काढून टाक. ते 'गझनफर' नावाचं पत्र काढत होते, त्यांचे शब्द त्यांचे होते, आपण त्यांच्या तोंडी आपले घालायचे नाहीत. होऊन गेलेली माणसं कादंबरीत पडद्याआड ठेवावीत. त्यांची नावं लोकांच्या बोलण्यात येऊ देत, भिंतीवर कोळशानं लिहिलेली आणि सकाळी पुसलेली दिसू देत. प्रत्यक्ष बोलणारी, चुकणारी, फितूर होणारी सगळी पात्रं तुझी स्वतःची हवीत. फाशी दाखवू नकोस. चौदा वर्षांच्या वाचकाला दोर दाखवायची गरज नसते. तो पुढच्या बेंचवरची रिकामी जागा पाहून सगळं समजतो. पुस्तकाच्या शेवटी दोन पानं मात्र सरळ लिही, खरं काय होतं आणि तू काय बदललंस. किशोर वाचक कादंबरीतून इतिहास शिकतो, आणि मार्शल लॉ सोळा वर्षं चालला असं एखाद्यानं परीक्षेत लिहिलं तर ती आपली चूक धरावी लागेल.

आणि शेवट. तुझ्या टिपणात आहे की १५ ऑगस्ट १९४७ ला तार तुटते, आर्या तिरंगा घेऊन धावते. मला हा शेवट पटत नाही, आणि त्याचं कारण या शहराच्याच इतिहासात आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. मधली पाच वर्षं आणि सोळा दिवस. त्या काळात आपलं सरकार होतं, आपला झेंडा होता, आणि जन्मानं गुन्हेगार हा शिक्का पुरता पुसला गेला नव्हता. तुझ्या कादंबरीचा शेवट या पाच वर्षांत लपलेला आहे.

असं बघ. १५ ऑगस्टला सोलापुरात गोरा अधिकारी निघून जातो. दुसऱ्या दिवशी भोंगा होतो. लोक सवयीनं चौकात येतात. लिंबाखाली तोच कारकून बसलेला असतो, फक्त टोपी बदललेली. सेटलमेंटातली ती मुलगी सगळ्यांच्या आधी ओळखते, कारण तिच्या घरात सरकारं आलेली-गेलेली पाहिलेली आहेत. पेठेतले लोक म्हणतात, चार दिवस थांबा, नवीन सरकार आहे. कारणंही खोटी नसतात. निजाम भारतात आलेला नाही, सरहद्द तापली आहे, रझाकारांची भीती आहे, अशात तार काढायची कशी? सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात येतं, तेव्हा ते कारण संपतं. मग दुसरं निघतं. पहारापट्टीवर पोसलेली माणसं आता इथलीच आहेत, त्यांची पोरं शाळेत आहेत. गिरणीमालकाला संप नको आहे. आणि पेठेभोवतीची तार शेवटी निघते, बँड लावून, पेढे वाटून. सेटलमेंटभोवतीची राहते. मिरवणूक तिच्याजवळून वळून जाते.

नरसम्मा त्या मिरवणुकीत असते. तिला मैत्रीण तारेच्या आत उभी दिसते. ती काय करते हे मी सांगणार नाही, ते तुझं तुलाच लिहायला हवं. पण या जागी पोहोचायचंय हे आधी ठरवलंस तर मधली दोनशे पानं आपोआप तिकडे वळतील. पहिल्या प्रकरणातल्या 'आम्ही काय सेटलमेंटातले आहोत का?' या वाक्याचा हिशेब इथे लागेल.

तू आणखी एक विचारलं होतंस, मार्शल लॉऐवजी ते तीन-चार मोकळे दिवसच लांबवले आणि आपल्याच माणसांची जुलमी राजवट दाखवली तर? तीही कादंबरी होईल, कदाचित जास्त धाडसाची. पण ती दुसरी. दोन्ही एका पुस्तकात कोंबू नकोस.

सध्या एवढं कर. चाळीस पानं बाजूला ठेव, फाडू नकोस. आठवडाभर एखाद्या हातमागाजवळ बस, खड्डा किती खोल असतो ते स्वतः उतरून बघ, कारण त्यात मूल मावतं की नाही यावर तुझं अर्धं पुस्तक अवलंबून आहे. मग फक्त हजेरीचं प्रकरण लिही, दहा-बारा पानं, आणि मला पाठव. सेटलमेंटची पानं मात्र माझ्याआधी तिथे वाढलेल्या कुणाला तरी वाचून दाखव. त्यांच्या वेळेचं मानधन दे, आणि ते जिथे 'असं नव्हतं' म्हणतील तिथे वाद न घालता खोड.